परस्थानाचं चाक

चेन्नईहून परत येऊन आता महिना होत आला, तरी साताऱ्यात जो भेटतो तो विचारतो, "मरीना बघितला का? कपालीश्वराचं देऊळ बघितलं का?" बघितलं, दोन्ही बघितलं. पण खरं सांगायचं तर त्या मुक्कामात मी सगळ्यात जास्त वेळ बघितलं ते एका छोट्या मोटारीचं मागचं दार. ते लागतं की नाही, यावर माझ्या बहिणीचं सगळं अडून बसलं होतं.

माझी धाकटी बहीण शालिनी, म्हणजे आमची शालू, लग्न होऊन मैलापूरला गेली त्याला वीसेक वर्षं झाली. तिचे यजमान गुरुराज राव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज केव्हातरी तिकडे गेले आणि जाताना जी मराठी बरोबर नेली, ती या मंडळींनी अजून घडी न मोडता ठेवली आहे. राव इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. दिवसभर केसाएवढ्या फरकासाठी माल नापास करायचा, हे त्यांचं काम. माणूस अतिशय सज्जन, पण नापास करायची सवय काही कारखान्याच्या फाटकाशी सुटत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा माधव दोन वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि त्याची डोंगरी सायकल बाल्कनीत राहिली. जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली, गिअरची. शालूने तिच्यावर जुनी चादर घातली. घर रिकामं झालं तसं शालूचं बोलणं कमी झालं, फोनवर मला ते कळायचं. मग एक दिवस तिने ती चादर काढली. पहाटे रस्ते रिकामे असताना समुद्राकाठच्या सांतोमपर्यंत जाऊन यायला लागली. लहानपणी साताऱ्यात तिला सायकल मीच शिकवली होती, सीटला मागून धरून, आमच्या छापखान्यापुढच्या उतारावर. फोनवर तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा ऐकला तेव्हा मला फार बरं वाटलं.

मध्ये ती मैलापुरातल्याच लझच्या चौकात पडली, हनुवटीला टाके पडले. बरी झाल्यावर पुन्हा सुरू. आणि मग तिने नवं काढलं: येलगिरीचा घाट सायकलने चढायचा. येलगिरी म्हणजे वेल्लूरच्या पुढे एक छोटं थंड हवेचं ठिकाण. राव कधी 'नाही' म्हणाले नाहीत. ते म्हणत, "सायकल गाडींत बसत नाहीं." टपावर बांधू म्हटलं तर टपाला ओरखडे पडतात. शेवटी एका रात्री जेवताना शालूने विचारलं, "बसली तर न्याल?"

"बसली तर नेईन," राव म्हणाले, "नाहीं बसली तर हा विषय बंद."

दुसऱ्या दिवशी शालूचा मला फोन. "अण्णा, तू ये. साक्षीदार पाहिजे."

मैलापूर

डिसेंबरचा महिना होता, तिकडे त्याला मार्गळी म्हणतात. पहाटे दारोदार कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आपल्याकडे रांगोळी बघून पाय उचलून टाकतात, तिथे रिक्षाही वळसा घालून जाते. संध्याकाळी सभागृहांत गाणं, आणि गाण्याइतकीच गर्दी तिथल्या खाणावळीत. मी गाण्यातला औरंगजेब असल्यामुळे खाणावळीत रमलो. शिवाय या शहरात रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळे मला 'अण्णा' म्हणून हाक मारत. माझं घरातलं नाव परगावी इतक्या लोकांना आधीच माहीत असल्याचा अनुभव मला नवा होता.

राव तयारीत होते. त्यांनी आलेखाच्या कागदावर गाडीचा आडवा छेद काढला होता आणि त्याच मापाची पुठ्ठ्याची सायकल कापली होती. ती सायकल त्यांनी माझ्यासमोर कागदावरच्या गाडीत सगळ्या बाजूंनी बसवून दाखवली. प्रत्येक वेळी चाक बाहेर.

"पाहिलंत न, अण्णा? हें मोजून झालेलं आहे."

शालू भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पुठ्ठ्याच्या सायकलचं हँडल वळत नाही."

शनिवारी सकाळी इडल्या खाऊन आम्ही खाली उतरलो. बॅगा आधीच गाडीत तळाशी सपाट रचल्या होत्या. मागच्या सीटची डावी अर्धी पाठ दुमडली की एक लांबट बोळ तयार होत होता. उजव्या अर्ध्यावर मी बसायचं, पुढे राव आणि शालू. आधी अख्खी सायकल घालून बघितली, ती नुसती आत डोकावली. मग शालूने ब्रेक सैल केला, खटका उलटवला आणि पुढचं चाक काढून भिंतीशी टेकवलं. आता सायकल आत गेली, पण मागचं दार चार बोटं उघडं राहिलं.

"चार बोटं म्हणजे चार बोटं," राव म्हणाले. हाताची घडी घालून ते जिन्याच्या पायरीवर बसले होते.

हँडल वळवलं, सीट खाली दाबलं. आता डावं पेडल पुढच्या सीटच्या पाठीत रुतायला लागलं. मी पाना घेतला आणि सगळा जोर लावून पेडल फिरवू लागलो. ते हलेना. आणखी जोर लावला. पायरीवर काहीतरी चुळबुळ झाली. मी तोंड लाल करून तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा राव उठले आणि त्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला.

"अण्णा, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तुम्हीं आवळतां आहां."

चुकीचं काम डोळ्यांसमोर चाललेलं त्यांना बघवेना. पेडल निघालं. मग ते गुडघ्यावर बसले, आत डोकं घालून बघितलं, जिभेने 'च्' केलं. विरोधी पक्षातला माणूस आता आमच्या बाजूने वाकला होता, आणि शालूने मला डोळ्यांनीच सांगितलं की काही बोलू नकोस.

एवढ्यात वरच्या बाल्कनीतून हाक आली. त्या सरसा मामी, रावांच्या समोरच्या घरात राहणाऱ्या, त्यांच्याच तंजावरी गोतातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. "नऊ वाजायला आले की हो! राहुकाळ लागेल. एक तर मार्गळी, त्यांत शनिवार. अय्यो, अजून निघालां नाहीं?"

तिकडे राहुकाळ म्हणजे राहुकाळ. शनिवारी नऊ ते साडेदहा घरातून प्रवासाला पाऊल टाकायचं नाही. रावांसारखा मापाचा माणूसही तो मोडत नाही. साडेदहापर्यंत थांबलो असतो तर ऊन चढलं असतं, आणि थांबलेल्या रावांचं मन पुन्हा पायरीवर जाऊन बसलं असतं. शालूचा चेहरा पडला.

"मग परस्थान ठेवा न," मामी वरून म्हणाल्या.

हे मात्र मला ओळखीचं निघालं. आपल्याकडेही जुनी माणसं प्रस्थान ठेवत. मुहूर्त गाठता येत नसेल तर प्रवासातली एखादी वस्तू मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग आपण सवडीने निघावं आणि जाताना ती वस्तू उचलावी. माझी आई सुपारी आणि मूठभर तांदूळ रुमालात बांधून ठेवायची. आता इथे बॅगा सायकलीखाली गाडलेल्या. मोकळी अशी एकच वस्तू होती. रावांनी भिंतीशी टेकलेलं पुढचं चाक उचललं आणि नवाच्या आत ते मामींच्या देवासमोर नेऊन ठेवलं.

मोकळ्या मनाने खाली येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, "मागचंही चाक काढा. शिवाय दुसरा उपाय नाहीं." ते काढलं. शालूने पुढचं सीट आणखी सरकवलं. मी माझ्या जागी बसलो, रावांनी ते चाक माझ्या मांडीवर दिलं आणि मागचं दार ओढलं. खट्ट. दार लागलं.

शालूने टाळी वाजवली. राव दार उघडून पुन्हा लावून बघत होते, खात्रीसाठी. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते लपवायला ते विसरले होते. भर राहुकाळात, पण नियमाने, आम्ही निघालो.

इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे

शहर सुटलं तसे राव बोलायला लागले. इरुंगाट्टुकोट्टैला त्यांनी काच खाली करून आपला कारखाना दाखवला. मला एक लांब भिंत आणि पाण्याची टाकी दिसली, पण मी मान डोलावली. पुढे रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येच एकटी उभी ताडाची झाडं. एका ठिकाणी कॉफीला थांबलो. पितळी पेला, खाली खोलगट वाटी, एकातून दुसऱ्यात ओतत कॉफी गार करायची. राव उंचावरून एक थेंब न सांडता ओतत होते. मी वरून ओतली ती पँटवर. तशीही साखळीच्या चाकाचं काळं वंगण तिला आधीच लागलं होतं.

वेल्लूरच्या अलीकडे एका देवळाच्या ओट्यावर डबा उघडला. चिंचेचा भात, उडदाचं डांगर, आणि थर्मासमध्ये सांबार. सांबार आमच्याच तंजावरच्या मराठी वाड्यात पहिल्यांदा शिजलं, हे राव मला दर भेटीत सांगतात. "म्हणजे आमटीच की," मी दर भेटीत म्हणतो. यावेळी त्यांनी भांडण पुढे न नेता मला आणखी एक वाटी वाढली. शालू आमच्याकडे बघून हसली. गाडीत बसताना तिने दुमडलेल्या सायकलीला हात लावून बघितला, झोपलेल्या पोराचं पांघरूण बघावं तसा.

घाटाच्या पायथ्याशी

येलगिरीचा घाट पायथ्याच्या फाट्यापासून सुरू होतो. दुपार कलली होती, हवा छान होती. चिंचेच्या झाडाखाली गाडी लावली. वानरं जवळ आली, त्यांना मी काठी दाखवली. रावांनी रुमाल अंथरून पाने मांडले. सायकल बाहेर काढली, उलटी केली, मागचं चाक माझ्याकडून घेऊन साखळीत बसवलं, डावं पेडल उलट्या आट्यांनी आवळलं. शालू बुटांच्या नाड्या बांधत होती.

"आतां पुढचं द्या, अण्णा," राव हात मागे करून म्हणाले.

"काय?"

"चाक. पुढचं."

"दिलं की मघाशी."

"तें मागचं."

मी रिकाम्या हातांकडे बघितलं. सबंध रस्ताभर माझ्या मांडीवर एक चाक होतं. मांडीवर चाक असलेल्या माणसाला चाक विसरल्याची शंका कशी येणार? रावांनी आरशात माझ्या मांडीवर चाक बघितलं, शालूने वळून बघितलं, आणि तिघांनीही ते पुढचंच धरलं. पुढचं चाक मैलापुरात, सरसा मामींच्या देवासमोर, मुहूर्तावर प्रवासाला निघून बसलं होतं.

"परस्थान," राव हळूच म्हणाले.

शालूने नाडी सोडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही मुद्दाम ठेवलंत," ती म्हणाली. "तुम्हीच वर नेलंत आणि तुम्हीच आणलं नाहीत. झालं, विषय बंद."

राव पाने रुमालात गुंडाळू लागले. ज्या माणसाने स्वतः दुसरं चाक काढून दार लावलं तो पहिलं मुद्दाम कशाला ठेवेल, असं मी म्हणायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून मी पुन्हा वानरांनाच काठी दाखवत राहिलो. एकचाकी सायकल पुन्हा आत घातली आणि घाट आम्ही मोटारीने चढलो. प्रत्येक वळणावर शालू बाहेर बघत होती, चढ कुठे आहे, दम कुठे घ्यायचा. मला ते बघवत नव्हतं.

वर लॉजमध्ये जेवण झालं. शालू लवकर खोलीत गेली. मी आणि राव अंगणात खुर्च्या टाकून बसलो.

"लझला ती पडली," राव अचानक म्हणाले, "तिच्या हनुवटीला टाके घालत होते तेव्हां मी बाहेर उभा होतों. माधव तिकडे. तिला कांहीं झालं तर मज कोण आहे, अण्णा? म्हणून म्हणत गेलों, बसत नाहीं. भीति वाटते असं बायकोला कसं सांगायचं?" मग थोड्या वेळाने, "पण चाक मी मुद्दाम नाहीं ठेवलं."

"हे तिला जाऊन सांगा."

"सांगून उपयोग नाहीं. आणून दिलं पाहिजे."

ते उठले आणि लॉजच्या कचेरीत फोन करायला गेले. डोंगरावर मोबाइल लागत नव्हता. बराच वेळ त्यांचा आवाज येत होता, तमिळ आणि मराठी मिसळून. मी झोपायला गेलो.

सकाळी नाश्ता झाल्यावर बघतो तर राव नाहीत आणि गाडीही नाही. मला अंदाज होता, पण खात्री नसताना बहिणीला आशा लावायची माझी छाती होईना. "गेले असतील खाली कुठेतरी," एवढंच म्हणालो. शालूने बॅग भरायला घेतली. भरताना ती रडली. मला वाटतं ती सायकलसाठी रडत नव्हती. वीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्याबद्दल आपण असं बोललो, आणि ते खरं असेल की काय, याचं ते रडणं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसलो.

अकरा वाजून गेल्यावर लॉजचा मॅनेजर दाराशी आला. "खालच्या जोलारपेट्टै रेल्वे स्टेशनवरून सरांचा फोन होता," तो म्हणाला आणि शालूने मला ते मराठीत सांगेपर्यंत तिचा आवाज बदललेला होता. निरोप दोनच वाक्यांचा होता. बसने पायथ्याशी या. मॅडमना बूट घालून यायला सांगा.

बस उतरत होती तेव्हा शालू सगळा वेळ उभी होती, जागा असून.

कालच्याच चिंचेखाली गाडी होती. तिच्यापुढे सायकल उभी, दोन्ही चाकांवर. पुढच्या चाकाच्या आऱ्यांत मोगऱ्याचा गजरा ओवलेला, टायरला कुंकवाचं बोट. बाजूच्या दगडावर सरसा मामी, मांडीवर थर्मास घेऊन. राव पंपाने हवा भरत होते, आणि शालू आलेली दिसूनही भरतच राहिले.

"जन्मांत एकटी आगगाडींत बसलें नव्हतें," मामी सांगायला लागल्या. "परस्थान ज्याचें त्यानें उचलावें. पण तुम्हीं आलां नाहीं, मग त्यालाच यावें लागलें न. याला खिडकीची जागा दिली मी. सगळा डबा विचारतो, आजी, हें काय? मी म्हटलें, प्रवासी आहे."

शालूने चाकावर हात ठेवला. "मी काल फार वाईट बोलले," ती रावांना म्हणाली.

"गजरा काढ," राव म्हणाले. "आऱ्यांत अडकेल."

तिने तो काढून केसांत माळला आणि निघाली.

आम्ही तिघं मागून गाडीने, माणसाच्या चालीने. रावांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. मागे गाड्या साचल्या की ते बाजूला घेत, त्यांना जाऊ देत, पुन्हा तिच्या मागे लागत. एका उभ्या वळणावर ती थांबली. पाय टेकला, मान खाली घातली. रावांनी दार अर्धं उघडलं. "बसा," मामी मागून म्हणाल्या, शाळेतल्या आवाजात. रावांनी दार लावलं. शालू पाणी प्यायली, पदर नव्हता म्हणून बाहीने तोंड पुसलं, आणि पुन्हा पेडलवर उभी राहिली.

"गिअर हलका केला," राव पुटपुटले. "बरोबर केलं. एकदम बरोबर." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

माथ्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, लाल तोंड, विस्कटलेला गजरा. मला अठरा वर्षांची शालू दिसली. राव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. खिशातून रुमाल काढून दिला. तो वंगणाने काळा झालेला होता. तिने त्यानेच तोंड पुसलं.

परत निघताना

चहा झाला, बॅगा भरल्या, आणि अंगणात सायकल सुटी करायला घेतली तेव्हा लक्षात आलं. येताना माणसं तीन होती, आता चार झाली होती. मामींना दुमडलेल्या सीटवर सायकलीखाली घालता येणार नव्हतं. रावांनी गाडीत डोकं घालून बघितलं, बाहेर काढलं, आणि सवयीने म्हणाले, "बसत नाहीं."

मग शालू अशी हसत सुटली की लॉजचा मॅनेजर बाहेर आला. मी म्हणालो, मी रेल्वेने येतो. मामी म्हणाल्या, मज आतां सवय झाली, मीच जातें. राव सायकलीकडे बघत होते.

"मामी," त्यांनी विचारलं, "परस्थान किती दिवस ठेवलं तर चालतं?"

"फार दिवस ठेवूं नये. लवकर यावें."

"येऊं की. पुढच्या शनिवारी." त्यांनी मॅनेजरला खूण केली आणि सायकल अख्खीच्या अख्खी, दोन्ही चाकांसकट, लॉजच्या पडवीत नेऊन भिंतीशी लावली. वर घालायला मॅनेजरकडून एक जुनी चादर मागून घेतली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ती परत दिली.

"शनिवारी सकाळी राहुकाळ आहे," शालू म्हणाली.

"असूं दे. परस्थान ठेवलेलं आहे. केव्हांही निघूं शकतों."

उतारावर मी वळून पडवीकडे बघत होतो. शालूने मागे बघितलं नाही. रावांच्या शेजारी बसून ती पहिल्या वळणालाच झोपली होती.